गुडघे टेकणारा बैल

व्याह्याला मारणं चांगलं नाही, हे मला कळतं. मुलीच्या सासऱ्याला तर नाहीच नाही. पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातच्या सुमारास, इलिनॉयमधल्या एका गोठ्यात मी व्हितोच्या हातातली काठी हिसकावली आणि त्याच्याच उजव्या नडगीवर अशी हाणली, की म्हातारा कण्हत खालीच बसला. काठीच्या टोकाला खिळा होता. पँट फाटली, कातडं फाटलं, पांढऱ्या मोज्यावर रक्त उतरलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

तेही फार वेळ टिकलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा, मधुमेह असलेला तो माणूस उठला, शेजारची पत्र्याची बादली उचलली आणि माझ्या कानशिलात घातली. मी शेणात पडलो. तो माझ्यावर पडला. त्याने माझी मफलर आवळली, मी त्याच्या मनगटाला चावलो. त्याचा मुलगा, म्हणजे आमचा जावई डॉम, धावत आला आणि भांडणाऱ्या मांजरांना सोडवावं तसं त्याने आम्हांला सोडवलं. एवढं होईपर्यंत बैल कोपऱ्यात थरथरत उभा होता आणि त्याच्या पुढच्या पायांतून रक्त गळत होतं.

मी त्र्यंबक. सांगली जिल्ह्यातला. एका साखर कारखान्याच्या ऊस यार्डात पस्तीस वर्षं सुपरवायझर होतो. गळीत हंगामात रोज तीन-तीनशे बैलगाड्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या. रुतलेली गाडी काढायला गाडीवान बैलाच्या मांड्यांत खिळ्याची पराणी खुपसायचे, शेपट्या पिरगाळायचे. मी नोंदवहीत मान घालून बसायचो. पस्तीस वर्षांत एकाचाही हात धरला नाही. ती सगळी साठलेली चीड मी त्या सकाळी व्हितोच्या नडगीवर काढली, असं आता वाटतं.

आमची मुलगी प्रीता एमएस करायला इकडे आली आणि नेपरव्हिलच्या एका कंपनीत लागली. तिने लग्न केलं ते शेतकऱ्याच्या पोराशी, शिकागोपासून दोन तासांवर मका पिकवणाऱ्या इटालियन घरात. मी आणि माझी बायको सरला सहा महिन्यांच्या व्हिसावर फेब्रुवारीत आलो. प्रीता घरूनच काम करायची. नात अनिका पाच वर्षांची. व्हितो विधुर, त्याच घरात खालच्या मजल्यावर राहायचा. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी त्याला व्हितोराव म्हणायचो, तो मला त्रिम्बो.

त्या गावात बरीच घरं इटलीतल्या अब्रुत्सो भागातल्या एकाच खेड्यातून आलेली. येताना त्यांनी आपला सण बरोबर आणला. मे महिन्यात, मक्याची पेरणी चालू असताना, शेतकऱ्यांचा संत इसिदोर याची मूर्ती चर्चच्या दारात आणून ठेवतात. एक पांढरा बैल रंगीत रिबिनींनी सजवतात, कपाळाला आरसा बांधतात. त्याच्या पाठीवर देवदूतासारखे पांढरे कपडे घातलेलं एक मूल बसवतात, हातात छोटी पांढरी छत्री. वाजतगाजत बैल चर्चच्या दारात येतो आणि संतासमोर पुढचे दोन्ही गुडघे टेकतो. टेकले की पीक चांगलं. मग पाद्री मक्याच्या बियाण्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि प्रत्येक शेतकरी मूठभर बी नेऊन आपल्या पेरणीयंत्रात मिसळतो.

हे ऐकून मी हरखलो होतो. आमच्याकडच्या बेंदराची आठवण झाली. शिंगं रंगवायची, झूल घालायची, बैलाच्या पायांवर पाणी घालून पाया पडायचं, पुरणपोळी भरवायची. मी सरलेला म्हटलं, ‘‘बघ, देव वेगळा असला तरी बैल तोच आहे.’’

बैलाचं नाव बियांको. रंगाने आमच्या खिलार बैलासारखा, पण आकाराने दुप्पट. हजार किलो सहज असेल. नाकात लोखंडी कडी. तो गुडघे टेकतो ते भक्तीने नव्हे, हे मला त्या सकाळी कळलं. सणाची तयारी म्हणून व्हितो त्याच्या खुराच्या वर, पायाच्या बारीक हाडावर, खिळा टोचायचा आणि नाकातली कडी खाली ओढायचा. बैल खाली जाईपर्यंत टोचायचा. त्याच्या वडिलांनी त्याला असंच शिकवलं होतं.

मारामारीनंतर प्रीता माझ्यावर अशी कडाडली की विचारू नका. ‘‘बाबा, लाज वाटते का काही? ही इज सेव्हंटी-फोर! त्यांना डायबिटीस आहे. जखम भरत नाही त्यांची.’’

‘‘बैलाची भरते का?’’ मी म्हटलं.

‘‘हे तुमचं सांगली नाही, बाबा. पोलीस आले असते ना, तर तुम्हांला हँडकफ करून नेलं असतं. व्हिसा कॅन्सल!’’

संध्याकाळी मी फायरप्लेसमध्ये ती काठी घातली आणि पूर्ण जळेपर्यंत समोर बसलो. खिळा राखेत राहिला, तो चिमट्याने काढून कचऱ्यात टाकला. व्हितो पाय वर करून सोफ्यावर बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, ‘‘त्रिम्बो, काठी असली की त्याला कळतं, कधी बसायचं. काठी नसली की त्याला कळणार नाही.’’

मला वाटलं, हरलेला माणूस बोलतोय.

दुसऱ्या दिवसापासून मी बैलाचा ताबा घेतला. व्हितोला नीट चालताच येत नव्हतं, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. कोमट पाण्याने मी बियांकोचे पाय धुतले, हळद-तेल लावलं, गुडघ्यांवर फडकी बांधली. आणि सवयीने खाली वाकून त्याच्या खुरावर हात ठेवला, नमस्काराला. बैलाने एक लांब श्वास सोडला आणि माझ्यासमोर गुडघे टेकले.

मी रडलो. काय लपवायचं? इतकी वर्षं ज्यांच्याकडे बघितलं नाही, त्या सगळ्या बैलांनी मिळून मला माफ केलं असं वाटलं. खिशात गुळाचा खडा होता, तो भरवला. मग रोजचंच झालं. मी पाया पडायचो, तो गुडघे टेकायचा, मी गूळ द्यायचो. आठवड्याभरात बोट लागताच बसायला लागला. नमस्काराला नमस्कार करतोय, असं मी सरलेला फोडणी देऊन सांगायचो. टोचायच्या जागीच माझा हात लागतोय आणि जनावर खिळ्याच्या धास्तीने खाली जातंय, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. तसं ते शिरायला जागाच नव्हती, मी इतका खूश होतो.

एप्रिलमध्ये उत्सवाच्या मंडळाची माणसं गोठ्यात आली. मी त्यांच्यासमोर दोन बोटं लावली, बैल बसला. काठी नाही, रक्त नाही. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने माझ्या गालाचा मुका घेतला. व्हितो दाराला टेकून उभा होता, पायाला बँडेज.

‘‘तिथे हात लावू नको, त्रिम्बो,’’ तो सगळ्यांसमोर म्हणाला. ‘‘शिकवताना मी, मग वर्षातून एकदा. चर्चच्या दारात. बाकी कुणी तिथे हात लावायचा नाही.’’

‘‘जळतोय,’’ मी मराठीत म्हटलं आणि हसलो.

यंदा पाठीवर बसायचा मान अनिकाचा होता. प्रीताला ते मनातून नको होतं. सणाच्या आदल्या दिवशी अनिकाच्या देवदूताच्या पंखांना टाके घालता घालता ती म्हणाली, ‘‘बाबा, एवढा मोठा बैल. तिला काही झालं तर?’’

‘‘मी शेजारून चालणार आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तो माझं ऐकतो. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. माझी जबाबदारी.’’

‘‘प्रॉमिस?’’

‘‘अगदी शब्द देतो.’’

रविवारी ऊन होतं. फायर स्टेशनसमोरच्या डांबरी रस्त्यावर मिरवणूक जुळत होती. तिथून चर्च तीनशे पावलांवर. मी प्रीताच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींना आग्रहाने बोलावलं होतं. तेरा गाड्या आल्या. कुणी नऊवारी नेसलेलं, कुणी फेटा बांधलेलं. मेमध्येच बेंदूर, म्हणून सगळे खूश. बियांकोच्या पाठीवर लाल पट्टा आवळला होता. अनिका पडू नये म्हणून डॉमने तिचे दोन्ही घोटे रिबिनींनी त्या पट्ट्याला बांधले होते. व्हितोने सुती दोर नाकातल्या कडीत अडकवून धरला होता. लंगडत होता, पण काळा कोट घालून ताठ उभा होता.

‘‘काका, हा खरंच नमस्कार करतो?’’ प्रीताची मैत्रीण आसावरी फोन समोर धरून म्हणाली.

मला राहवलं नाही. मी वाकलो आणि खुरावर हात ठेवला. बियांकोने गुडघे टेकले. अनिका पुढे झुकली आणि खदाखदा हसली. ‘‘आजोबा, अगेन! डू इट अगेन!’’

सगळ्यांनी फोन काढले. ‘‘काय क्यूट आहे यार!’’ आसावरी म्हणाली आणि स्वतः वाकली. बैल कसाबसा उठला होता, तो परत बसला. मग तिचा नवरा. मग फेटेवाले एक काका. व्हितो ओरडायला लागला, ‘‘बास्ता! नो टच! नो टच!’’ लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मीही हसत होतो. माझ्या माणसांसमोर माझा बैल माझं ऐकत होता. डांबरावर त्याच्या गुडघ्यांची साल निघाली होती, पांढऱ्या केसांत लाल दिसत होतं. ते मी पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.

मग सरला हळद-कुंकवाचं तबक घेऊन पुढे आली. तिने दोन्ही पायांना कुंकू लावलं आणि दोन्ही खुरांवर हात ठेवून डोकं टेकवायला वाकली.

हजार किलोचं जनावर तिच्या उजव्या हातावर खाली आलं. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सरलेची किंकाळी अशी होती की बँडचे पितळी बाजे थांबले. आपल्या पायाखाली काहीतरी किंचाळतंय म्हणून बियांको ताडकन उठला, तबक त्याच्या तोंडावर उडालं, हळद डोळ्यांत गेली आणि आंधळ्या जनावराने डोकं खाली घालून धाव घेतली.

अनिका पाठीवरून कलली आणि बाजूला लोंबकळली. घोटे बांधलेले. डोकं खाली, खुरांच्या जवळ. छत्री बैलाच्या पोटाखाली चुरगळली. मी शेजारून चालणार होतो ना? मी सरलेपाशी उकिडवा बसलो होतो आणि माझे पाय हलत नव्हते.

दोर व्हितोच्या हातातून सुटला नाही. तो वीस पावलं फरफटत गेला, उठला, परत फरफटला. मग त्याने उजवा हात वर उचलला. मी बघत होतो. काठी उगारायला उचलला होता. हातात काही नव्हतं. त्याने क्षणभर त्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं, मग दोर सोडून सरळ बैलाच्या तोंडावर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी नाकातली कडी धरली.

बैलाने त्याला फायर ट्रकच्या पत्र्यावर नेऊन आदळलं. एकदा, दोनदा. डावं शिंग फासळ्यांखालून आत गेलं. आधी काळा कोट वर उचलला गेला, मग त्यातला माणूस. धड पाय असते तर कदाचित तो बाजूला उडी मारू शकला असता. पण त्याने कडी सोडली नाही. नाकपुडी फाटत आली, बैल डरकाळ्या फोडत होता, व्हितोच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, तरी त्याने ते डोकं ट्रकला दाबून धरलं आणि डॉमला ओरडून सांगितलं, ‘‘कट! कट!’’

डॉमने खिशातल्या सुरीने रिबिनी कापल्या. अनिका त्याच्या हातांत पडली. कपाळावर खोक, पंख फाटलेले. बाकी काही नाही. खरंच काही नाही.

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाने बियांकोला तीन गोळ्या घातल्या. पहिल्या गोळीला त्याने गुडघे टेकले. दुसरीला मान टाकली. तिसरी त्याच्या कानात, टेकवून. रस्ता उताराचा होता, रक्त चर्चच्या बाजूला वाहत गेलं. माणसं चपला वाचवत बाजूला झाली.

सरलेची दोन बोटं काढावी लागली. व्हितो ऑपरेशननंतर रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ जगला. त्याच्याजवळ फक्त डॉमला जाऊ दिलं.

पुढचे तीन दिवस घरात जो तो येऊन मला धीर देत होता. गर्दीने बैल बिथरला, असं पोलिसांनी लिहिलं. बँडमुळे, असं मंडळवाले म्हणाले. आसावरी रडत म्हणाली, ‘‘काका, आम्ही एवढे लोक यायलाच नको होतं.’’ प्रीता माझ्याजवळ बसून म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही जिवापाड प्रेम केलंत त्याच्यावर. तुमची काही चूक नाही.’’ फक्त सरला काही बोलली नाही. प्लास्टर मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहायची. मला ते बघणं सहन होत नव्हतं. एकदा मी तिच्यावर ओरडलो, ‘‘काय बोलायचंय ते बोल की!’’

गुरुवारी अंत्यदर्शन होतं. गालिचे घातलेला हॉल, फुलांचा वास, रांगेने येणारी माणसं. व्हितो पेटीत झोपला होता. तोच काळा कोट नव्हता, दुसरा होता. गालांना रंग लावला होता. हातांत जपमाळ गुंडाळली होती आणि बोटांची कातडी कडीने सोलली होती ती पावडरीने झाकली होती.

मी रांगेत माझी पाळी आल्यावर हलेना. मागची माणसं थांबली. डॉम पेटीपाशी उभा होता.

‘‘डॉम,’’ मी म्हटलं, ‘‘गर्दी नव्हती रे. मी केलं. मीच त्याला शिकवलं, हात लावला की बसायचं. व्हितोने नको सांगितलं होतं. काठी मी जाळली. त्याने हात उचलला तेव्हा हातात काठी नव्हती, ती मी जाळली होती.’’ इंग्रजीत, मराठीत, जे सुचेल त्यात बोलत होतो. प्रीता धावत आली, ‘‘बाबा, नको, इथे नको.’’

डॉमने माझी कॉलर धरली. मला भिंतीपर्यंत ढकलत नेलं, फुलांचं एक चक्र आडवं झालं. त्याची मूठ माझ्या तोंडासमोर आली. मी डोळे मिटले नाहीत. मार, मी मनात म्हणत होतो, मार रे बाबा, तेवढं तरी कर.

त्याने मारलं नाही. कॉलर सोडली.

‘‘आय नो,’’ तो म्हणाला. ‘‘पॉपने सांगितलं मला. हॉस्पिटलमध्ये, संडेला. त्याला सगळं माहीत होतं. ही सेड, डोन्ट टेल त्रिम्बो. ही सेड, तो म्हातारा आहे, त्याला सहन होणार नाही.’’

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि प्रीताने त्याला जवळ घेतलं.

मला एकच गोष्ट करता येत होती. मी पेटीपाशी परत गेलो आणि पाया पडायला पायथ्याशी वाकलो. पण इथल्या पेटीचं झाकण दोन तुकड्यांचं असतं. वरचा अर्धा भाग उघडा ठेवतात, खालचा बंद. कमरेखाली माणूस दिसत नाही. मी त्या चकचकीत लाकडाखाली बोटं घालून ते उचलायला लागलो. सूट घातलेला एक माणूस लगबगीने आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘सर, वी डोन्ट ओपन दॅट पार्ट.’’

मी डॉमकडे बघितलं. ‘‘फक्त पाय,’’ मी म्हटलं. ‘‘एकदा हात लावतो.’’

‘‘नो,’’ डॉम म्हणाला. ‘‘यू डोन्ट टच हिज फीट.’’

मी हात मागे घेतले. पाच वर्षांची अनिका, कपाळावर पट्टी, आईचा हात धरून माझ्याकडे बघत होती. रांग पुढे सरकली. त्या बंद झाकणाखाली, उजव्या नडगीवर, मी मारलेल्या खिळ्याची जखम होती, आणि ती शेवटपर्यंत भरली नव्हती.